एका ‘मा’ची काटकसर

त्या वसंतात समुद्राकाठच्या नाबल गावात नारिंगाच्या फुलांचा वास इतका दाटला होता, की मधमाश्या वाट चुकून बँकेत शिरल्या आणि तिथल्या कारकुनाने त्यांनाही रांगेत उभं केलं. असल्या वासात कुणाला रडू येऊ नये. पण दलेंदाला येत होतं. ती गच्चीवर उभी होती, एक पाय पाण्याच्या टाकीवर, दुसरा धुण्याच्या दगडावर, आणि मोबाइल धरलेला डावा हात थेट आभाळात. शेजारच्या लल्ला बेयाचं वायफाय तेवढ्या एका वितीपर्यंतच पोचायचं. वीतभर इकडे सरकलं की गेलं, वीतभर तिकडे सरकलं की माणूस बेयाच्या कोंबड्यांत.

दलेंदा वेबसाइट काढत होती. शहाणी बाई अशी टाकीवर चढून वेबसाइट कशाला काढेल? तर नवरा समुद्र जाळायला निघाला होता म्हणून. चोरून बोटीत बसून पलीकडे इटलीला पळून जायचं, त्याला तिकडे जाळणंच म्हणतात. कागद जाळले, नाव जाळलं, मागचं सगळं जाळलं, की माणूस हलका होऊन बोटीत मावतो.

नवरा म्हणजे मोंजी. गवंडी माणूस. हात असे, की भिंत उभी केली तर पाल सरकून खाली पडायची. पण बांधकामंच बंद पडली होती. सकाळी घमेलं घेऊन चौकात जायचा आणि दुपारी रिकामं घमेलं घेऊन परत. कधीतरी घमेलं न्यायचंच त्याने सोडलं आणि त्या दिवसापासून तो शांत झाला. दलेंदाला भीती वाटली ती त्या शांतपणाची.

"बोटीतल्या जागेचे पैसे जवळजवळ जमलेत," एकदा जेवताना तो म्हणाला, जसं काही मिठाचं भांडं मागतोय. "तुझ्या हंड्याएवढे कमी पडतायत."

हंडा तांब्याचा, दलेंदाच्या आईचा. फुलांवर वाफ फिरवून त्यांचं पाणी उतरवायचा, वर तोटीचं झाकण असलेला. नाबलमध्ये वसंत ऋतू आला की घराघरात असा हंडा चढतो.

"तो माझ्या आईचा आहे," दलेंदा म्हणाली.

"आईचाच आहे. म्हणून तर इतका जड आहे. तांबट वजनावर घेतो."

"आणि बोट बुडाली म्हणजे?"

"मग या घरात एक खाणारं तोंड कमी."

"दोन कमी होतील," ती म्हणाली. "मी काय इथे बसून एकटी कुसकुस गिळणार आहे?"

तो कुसकुस चिवडत राहिला. मग तिनेच हात जोडल्यासारखं म्हटलं, "फुलांचा मोसम संपेपर्यंत थांब. पाणी विकून दाखवते. घर चालवून दाखवते."

"कुणाला विकणार? व्यापारी यंदा उचलत नाही म्हणाला. गेल्या वर्षीच्या फाश्का अजून पलंगाखाली आहेत. आपण कूस बदलली तरी त्या डुचमळतात." फाश्का म्हणजे त्या पाण्याच्या काचेच्या बाटल्या, पोटाला गवताचं विणकाम केलेल्या. "आणि तुझ्या गाठी! ती बुचावरची दोरी कोण सोडवणार? सगळं नाबल सरळ गाठ मारतं, तू उलटी. गिऱ्हाइकाला दात लावावे लागतात."

"डावरी आहे मी. लग्नाच्या आधी बघितलं नाहीस?"

"मेंदी बघत होतो," मोंजी म्हणाला, आणि क्षणभर पूर्वीचा वाटला. मग पुन्हा शांत झाला. "मोसम संपेपर्यंत. मग तांबटाला बोलावणार."

वेबसाइटचं तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि त्याचं ते हसणं तिला परवडणारं नव्हतं. परवडणारं तिला काहीच नव्हतं म्हणा. गावात वेबसाइट करून देणाऱ्या दुकानात गेली, तर त्या माणसाने असा आकडा सांगितला की बाई खुर्चीतून उठली आणि खुर्ची तिच्यामागोमाग उठली.

तेव्हा सगळं फुकटात करायचं ठरलं. फुकटची वेबसाइट मिळते, पण ती फुकट देणारे खाली आपल्या जाहिराती चिकटवतात. दलेंदाच्या फाश्काखाली रोज काय यावं? ‘पालेर्मोला स्वस्तात जा, जहाजात गादी मिळेल.’ पालेर्मो म्हणजे तीच पलीकडची इटली. बघून ती दात-ओठ खायची. फोटोवाल्याचे पैसे वाचवायला फोटो स्वतः काढला, फाटक्या चादरीपुढे, एका पायावर. फाश्का अशी हलली की तिला भूत लागल्यासारखी दिसत होती. मजकूर लिहून देणाऱ्याचे पैसे वाचवायला मजकूर स्वतः लिहिला: ‘शुद्ध. आमच्या गच्चीवर थेंबाथेंबाने उतरवलेला. कॉफीत एक चमचा, नवरीच्या कपाळाला एक थेंब, घाबरलेल्या लेकराला दोन. घरपोच.’ पैसे परत करण्याच्या अटी कुठल्या तरी चपलांच्या वेबसाइटवरून उचलल्या. त्यात ‘टाच झिजलेली नसावी’ हेही तसंच राहिलं.

सगळं फुकटात झालं. एक नाव तेवढं विकत घ्यावं लागणार होतं. दुकानाच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव कसं चालेल?

आता हे नीट ऐका, कारण सगळा घोटाळा इथेच झाला. नारिंगाच्या फुलाला तिकडे म्हणतात झहार. पाण्याला म्हणतात मा. म्हणून त्या पाण्याला मा-झहार. दलेंदाला नाव हवं होतं ‘मा झहार नाबल’. पण ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलं होतं, विकायला म्हणून, आणि किंमत अशी लावली होती की तेवढ्यात नारिंगाची अख्खी बाग आली असती, माळ्यासकट. नुसतं ‘झहार नाबल’ मात्र कवडीमोल होतं. दलेंदाने विचार केला, हे पाणी आहे हे कुणाला सांगायला पाहिजे का? बाटलीत काय फुलं उड्या मारतायत? एक ‘मा’ वाचवला आणि नाव घेतलं.

मग वाट बघणं सुरू झालं. सकाळी टाकीवर, दुपारी टाकीवर. मोसम सरत चालला, झाडांखालची फुलं तपकिरी पडली, आणि फोनवर आवाज नाही. खाली मोंजी पोहायचा सराव करावा तसा नुसता दम रोखून बसायचा. एकदा तिने विचारलं, काय करतोस? म्हणाला, "काही नाही. श्वास."

आणि एका सकाळी फोन वाजला. मग पुन्हा. मग असा वाजत सुटला, की बेयाच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या. दलेंदा टाकीवरून पडता पडता राहिली. निरोपच निरोप! गाबेसहून, स्फाक्सहून, पार मार्सेयहून. तिने पहिला उघडला.

‘ताई, माझ्या मुलीचं जमत नाही. एकच बाटली पुरेल का दोन?’

दुसरा: ‘परीक्षेत तिसऱ्यांदा बसतोय. मोठी पाठवा.’

तिसरा: ‘आमच्या संघाचा रविवारी सामना आहे. गोलकीपरला प्यायला द्यायचं का हाताला लावायचं?’

दलेंदाला काही समजेना. ती तशीच भिंतीवरून वाकली. "लल्ला बेया! ओ लल्ला बेया! लोकांना वेड लागलंय का?"

बेया वयाने मोठी, म्हणून मानाने लल्ला; जिभेने त्याहून मोठी. तिने फोन घेतला, वाचला, आणि अशी हसली की कंबर धरून कोंबड्यांच्या पाण्यातच बसली. "अगं बये! तू नशीब विकायला काढलंयस!"

"नशीब कुठलं? झहार!"

"तेच की! झहार म्हणजे फुलं नाबलात. वसंतात. तुझ्यामाझ्या अंगणात. वेशीबाहेर पाऊल टाक, झहार म्हणजे नशीब. ‘याचा झहार फुटका, तिचा झहार थोर.’ कधी ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं. आयुष्यभर तेच ऐकलं होतं. पण हंडा चढलेल्या घरात त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येत नाही. तिने मनात आपला मजकूर पुन्हा वाचला. शुद्ध. थेंबाथेंबाने उतरवलेला. नवरीच्या कपाळाला. घरपोच.

"वाईट काय आहे त्यात?" बेया डोळे पुसत म्हणाली. "पाण्याला कोण विचारतं? नशीब वीक. पलंगाखालचं सगळं जाईल, पलंगही जाईल."

"खोटं बोलून?"

"तू कुठे बोललीस? तू झहार म्हणालीस. त्यांनी झहार ऐकला."

त्या दिवशी दलेंदा जेवली नाही. हो म्हटलं असतं तर सगळ्या फाश्का संध्याकाळपर्यंत विकल्या जाणार होत्या. हंडा राहणार होता, नवरा राहणार होता. पण मुलीचं जमत नाही म्हणणाऱ्या त्या गाबेसच्या बाईचा निरोप तिच्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी तिने प्रत्येकाला लिहिलं: ‘हे फुलांचं पाणी आहे. वासासाठी. नशीब माझ्याकडे नाही.’

एकजात सगळे गेले. गाबेसच्या बाईने तेवढं विचारलं, ‘मग नशीब कधी येणार दुकानात?’

दुसऱ्या दिवशी तांबट आला. हंडा पालथा घातला, बोटाने टिचकी मारली, कान लावला, जणू आत दलेंदाची आईच बोलत होती. मोंजीने घासाघीस सुरू केली. त्याची घासाघीस सगळ्या गल्लीला पाठ होती, विटा घेताना असो नाहीतर कांदे.

"अशी किंमत बोल," तो म्हणाला, "की तूही रडायचं नाहीस, मीही रडायचं नाही."

तांबटाने किंमत सांगितली. मोंजी मान हलवून हो म्हणाला. शुक्रवारी पैसे घेऊन येतो, म्हणाला तांबट. बोटही शुक्रवारीच निघणार होती. दलेंदा उंबऱ्यात उभी होती, हातातलं फडकं पिळत. फडकं कोरडं होतं.

"एकदा तरी बघ माझ्याकडे," तांबट गेल्यावर ती म्हणाली.

"बघितलं तर जाता येणार नाही," मोंजी म्हणाला आणि बाहेर पडला.

ती गच्चीवर गेली. वेबसाइट मोडून टाकायची म्हणून टाकीवर चढली, हात वर केला. एक नवा निरोप होता. अमोर नावाच्या कुणाचा.

‘बाई, केलिबियाच्या बंदरावरच्या कॅफेत तुमचं नाव ऐकलं. तुम्ही झहार विकता म्हणे. मला समुद्रावरून जायचंय. एक बाटली पाहिजे. बायकोला कळता कामा नये, नाहीतर ती मला तिच्या हंड्यात उकळेल. किंमत अशी लावा की तुम्हीही रडायचं नाही, मीही रडायचं नाही.’

दलेंदा तशीच उभी राहिली, एका पायावर, बगळ्यासारखी. पाय बधिर झाला तरी कळलं नाही. आधी तिला हसू आलं. घरात तिचं ऐकत नव्हता, आणि बाहेर जाऊन तिच्याकडेच नशीब मागत होता! मग तिने निरोप पुन्हा वाचला. म्हणजे हा घाबरलाय. इतका शांत बसलेला हा माणूस आतून इतका घाबरलाय, की अनोळखी बाईकडून बाटलीभर नशीब विकत घ्यायला निघालाय.

तिला लिहावंसं वाटलं, मेल्या, मीच आहे. पण ते लिहिलं असतं तर लाजून त्याच पावली बोटीत जाऊन बसला असता. तिने ओठ चावले आणि लिहिलं:

‘झहार आहे. पण तो समुद्रावर टिकत नाही.’

मग: ‘का?’

‘उन्हाने जातो. खाऱ्या हवेने जातो. घरात ठेवायचा, सावलीत.’

यात खोटं एक अक्षर नव्हतं. कुठल्याही नाबलच्या बाईला विचारा, मा-झहार सावलीतच ठेवतात.

‘थोडासा तरी टिकेल ना?’ त्याने विचारलं. ‘एका रात्रीपुरता?’

दलेंदाच्या डोळ्यांपुढे बोटीतली ती एक रात्र आली. तिने फोन डोळ्यांना लावला, मग बाहीने पुसला, मग लिहिलं: ‘एका रात्रीचा मी शब्द देऊ शकत नाही. ज्या हंड्यात उतरतो तो हंडा असेपर्यंत दर वसंतात नवा मिळतो. हंडा गेला की संपलं.’

‘फारच नाजूक नशीब आहे तुमचं.’

‘हो,’ तिने लिहिलं. ‘फार नाजूक आहे.’

‘तरी पाठवा,’ तो म्हणाला.

तिने पलंगाखालची सगळ्यात चांगली फाश्का काढली. बूच दाबलं, दोरी आवळली. डाक महाग, म्हणून केलिबियाला जाणाऱ्या सामायिक टॅक्सीच्या ड्रायव्हरला, अम हेदीला गाठलं. अम म्हणजे काका, पण हा जगाचाच काका.

"कॅफेत अमोर नावाने ठेवून द्या, अम हेदी. पैसे घेऊन या."

"कोण हा अमोर, पोरी? मोंजीला माहीत आहे का?"

"मोंजीला चांगलाच माहीत आहे," दलेंदा म्हणाली.

तर तिच्या वेबसाइटचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिचाच नवरा, आणि पहिली कमाई तिच्याच घरातून फिरून आलेली. अम हेदीने त्यातून आपली मजुरी कापून घेतली ती वेगळीच.

शुक्रवार उजाडला. तांबट पैसे घेऊन दारात उभा. मोंजी अंगणात आला. त्याने हंड्याकडे बघितलं, तांबटाकडे बघितलं, आणि एकदम अशी किंमत सांगितली की तांबटाच्या गाढवाने कान पाडले.

"परवा तर ठरलं होतं!" तांबट ओरडला. "हे तांबं आहे का सोनं?"

"परवाचं परवा. आज हाच भाव. पटतंय का?"

"तुझं डोकं फिरलंय!"

"मग जा बाबा, शहाण्याचा हंडा शोध."

तांबट शिव्या देत गेला. मोंजी दिवसभर अंगणात बसून राहिला. दलेंदा पायाचा आवाज न करता वावरली. बोलली तर तुटेल असं वाटत होतं, काय तुटेल ते कळत नव्हतं. बोट त्याच्याशिवाय निघाली.

इथे गोष्ट संपवता आली असती. पण ती बोट पोचली. सुखरूप! त्यांच्याच गल्लीतला सला त्या बोटीत होता. त्याने इटलीहून फोटो पाठवला: हसतोय, अंगात कुणाचं तरी जाकीट, पायांत पांढरेशुभ्र बूट, मागे कारंजं. फोटो गल्लीभर फिरला. सलाच्या आईने मिठाई वाटली. एक तुकडा मोंजीच्या हातावरही ठेवला. त्याने तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. हातात धरून बसला, मुंग्या येईपर्यंत.

त्यानंतर मोंजी बोलायचाच बंद झाला. पूर्वीचा शांतपणा परवडला असं व्हायला लागलं. दलेंदा कॉफी ठेवायची, तो प्यायचा. ती भाकरी ठेवायची, तो खायचा. रात्री पलंगाखालच्या फाश्का डुचमळायच्या तेवढाच घरात आवाज. तिला आता कळून चुकलं होतं की तिने काय केलं. नवऱ्याचा जीव वाचवला असं समजून ती बसली होती. वाचवायला तिथे काही नव्हतंच. समुद्र त्या दिवशी ताटातल्या दुधासारखा होता. तिने त्याचे बूट घेतले होते, कारंजं घेतलं होतं, आणि बदल्यात त्याला दिलं काय? न विकलेल्या बाटल्यांवर झोपायला पलंग. गाबेसच्या बाईला ती खरं बोलली, आणि ज्याच्याशी खरं बोलायचं त्याच्याशी खऱ्या शब्दांनीच खोटं बोलली.

सांगून टाकायचं, मग जाऊ दे त्याला जायचं तर, असं ठरवून ती एका सकाळी उठली. मोंजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता, पाठ करून, मान खाली. बोलता येत नाही तर लिहावं म्हणून ती गच्चीवर पळाली, टाकीवर चढली, हात वर केला. तिच्याआधी निरोप येऊन पडला होता. अमोरचा.

‘बाई, तक्रार आहे.’

तिने अंगठ्याने निरोप वर सरकवला.

‘बाटली कॅफेत मिळाली त्याच दिवशी बुचावरची दोरी सोडवायला बसलो. सुटेना. दात लावले. उलटी गाठ होती.’

दलेंदाने एका हाताने टाकीची कड धरली.

‘सगळं कळलं तेव्हा. बोटीवर तरीही जाता आलं असतं. सला पोचला, मीही पोचलो असतो. आठ दिवस तुला शिव्या देतोय मनात, हेही तुला कळलं पाहिजे. पण तू लिहिलंस ना की एका रात्रीचा शब्द देऊ शकत नाही. बोटवाल्याने दिला होता. त्याने तर बायकोची शपथ घेऊन दिला होता. त्यानंतर मला त्याचं खोटं वाटायला लागलं आणि तुझं खरं. आता मला घरात ठेवा, सावलीत ठेवा असलं पुन्हा लिहू नकोस. मी काय पाणी आहे?’

खाली भांडं पडल्याचा आवाज आला. लगेच दुसरा निरोप:

‘आणि त्या पाटीवर पुढे ‘मा’ लाव. कुणी नशीब मागायला येता कामा नये. त्या ‘मा’ दाबून बसलेल्या माणसाशी घासाघीस मी करतो. बोटीसाठी ठेवलेले पैसे आहेत, त्यातलेच चार या फोनच्या इंटरनेटला गेले. त्याला म्हणतो, अशी किंमत लाव की तूही रडायचं नाहीस, मीही रडायचं नाही.’

फुलं कधीच संपली होती. तेवढ्या पैशांत तो माणूस ‘मा’ देईल का, दिला तरी कुणी पाणी घेईल का, ते दोघांनाही माहीत नव्हतं. खाली तो होता, वर ती होती, आणि मध्ये लल्ला बेयाचं फुकटचं वायफाय. दलेंदाने टाकीवर टाच घट्ट रोवली, हात आणखी वीतभर उंचावला आणि डाव्या अंगठ्याने लिहिलं:

‘उशीर झाला. रडतेय.’